वार्धक्य, ओज आणि थकलेले हृदय

पंचाहत्तरीच्या एखाद्या आजोबांना घेऊन त्यांची सून चिकित्सालयात येते. "महिनाभरापूर्वी रोज देवळात जात होते, आता ओटीवरूनही उतरत नाहीत. जेवण कमी झालंय. काहीतरी ताकदीचं द्या," असे ती सांगते. नाडीपरीक्षण होते, अग्निमांद्य व धातुक्षय गृहीत धरून एखादा अवलेह आणि पाचक चूर्ण दिले जाते. वैद्यबंधुभगिनींना हा प्रसंग अपरिचित नाही. परंतु या थकव्यामागे हृदयाचे दौर्बल्य दडलेले असेल, तर ताकदीसाठी दिलेले औषधच अपायकारक ठरण्याचा संभव असतो.

शार्ङ्गधराने आयुष्याच्या दशकादशकाने होणाऱ्या ऱ्हासाची गणना केली आहे. विक्रम, बुद्धी, कर्मेंद्रियांची शक्ती ही उत्तरायुष्यात क्रमाने उणी होत जाते. या गणनेचे माप दशक आहे, हे ध्यानात घ्यावे. जरा दशकांनी हरण करते; व्याधी आठवड्यांनी करते. महिन्याभरात चालणे थांबले असेल, तर त्यास केवळ जरा म्हणून सोडून देता येणार नाही.

ओज आणि व्याधिक्षमत्व

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हृदय हे ओजाचे स्थान सांगितले आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात कोणती शरीरे व्याधिक्षम नसतात याचे विवेचन करताना अतिकृश, दुर्बल व अल्पाहारी यांचा उल्लेख आहे. वृद्धांमध्ये ही तिन्ही लक्षणे अनेकदा एकत्र आढळतात.

आधुनिक संशोधनाची भाषा निराळी असली, तरी तेही क्षमत्व, हृदय व बल यांचा परस्परसंबंध मांडते. वयोमानाने थायमस ग्रंथी आक्रसते, नव्या टी-पेशी कमी निर्माण होतात आणि नव्या जंतूंना प्रतिकार करण्याची शक्ती घटते. याच वेळी शरीरात मंद स्वरूपाचा दाह मात्र सतत चालू राहतो. इटलीचे संशोधक क्लॉदिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 साली या अवस्थेस 'इन्फ्लमेजिंग' असे नाव दिले. या दाहामुळे मांसक्षय वाढतो व रक्तवाहिन्या कठीण होतात. हृदयाच्या स्नायूंवरही त्याचा परिणाम होतो. अशक्त हृदयामुळे हालचाल घटते, हालचाल घटल्याने मांसक्षय आणखी वाढतो, आणि हे चक्र चालू राहते. त्यातच फ्लू अथवा न्यूमोनियासारखा संसर्ग झाल्यास कसेबसे तग धरून असलेले हृदय एकाएकी कोलमडते. वृद्धांमध्ये अशा वेळी ताप नसतोही. केवळ भ्रम किंवा अन्नद्वेष दिसतो. म्हणूनच अशा रुग्णांना फ्लू व न्यूमोनियाच्या लसी घेण्यास सांगणे हे रसायनचिकित्सेच्या विरोधी नाही.

परीक्षण कसे करावे

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे; शरीराच्या गरजेइतके रक्त पुरविण्यास ते असमर्थ होणे होय. म्हणून रुग्णास केवळ "दम लागतो का?" असे विचारू नये. वृद्ध मनुष्य दम लागेल असे कामच सोडून देतो व "नाही" म्हणतो. त्याऐवजी गेल्या दिवाळीला काय करीत होता आणि आज काय करू शकत नाही, हे विचारावे. रात्री उशा वाढवाव्या लागतात का, झोपेतून दचकून उठून बसावे लागते का, सायंकाळी पायावर बोट दाबल्यास खळगा पडतो का, हे पाहावे. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठण्यास 15 सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास स्नायुबल घटले आहे असे समजावे. तीन दिवसांत 2 किलो वजन वाढले, तर ते पुष्टीचे नसून साचलेल्या द्रवाचे असण्याचीच शक्यता अधिक. असा रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावा.

औषध देताना

ज्येष्ठमधाची मेध्य रसायनांत गणना होते; परंतु त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम साठते आणि पोटॅशियम घटते. मूत्रल औषध किंवा डिगॉक्सिन चालू असणाऱ्यास ते दीर्घकाळ देणे धोक्याचे आहे. लवणभास्कर चूर्णातील लवणे, तसेच अवलेह व आसवारिष्टांतील साखर-गूळ यांचाही हिशेब ठेवावा. गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, असे 1994 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आढळले होते.

अर्जुनाविषयी आपणा सर्वांस आदर आहे. इंदूर येथील 1995 सालच्या अभ्यासात त्याचे उत्साहवर्धक परिणाम दिसले. परंतु त्यात रुग्ण अवघे 12 होते. तेव्हा अर्जुन हा चालू औषधांस जोड म्हणून, संबंधित डॉक्टरांस कळवून द्यावा. हृदयाची चालू औषधे आपल्या सांगण्यावरून कधीही बंद होऊ नयेत.

व्यायामाचे महत्त्वही विसरता कामा नये. अमेरिकेत 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या 349 वृद्धांपैकी निम्म्यांना बल, तोल, चालणे व दमश्वास यांचा व्यायाम देण्यात आला. तीन महिन्यांनी 12 गुणांच्या शारीरिक क्षमता चाचणीत त्यांना सरासरी 8.3, तर इतरांना 6.9 गुण मिळाले. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही. अर्धशक्ती व्यायामाचा आपला उपदेश रुग्णाच्या शक्तीनुसार, देखरेखीखाली येथे लागू पडतो.

औषधविक्रेत्यांस विनंती

वृद्ध रुग्ण पुष्कळदा वैद्यांआधी आपल्या दुकानाची पायरी चढतो. शक्तिवर्धक मागणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: कोणत्या गोळ्या चालू आहेत? पायांना सूज येते का? उताणे झोपता येते का? सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळी मागितल्यास विशेष सावध राहावे, कारण त्या गोळ्यांनी द्रव साठून हृदयावरील भार वाढतो. शंका वाटल्यास बाटली फळीवरच राहू द्यावी आणि रुग्णास वैद्यांकडे पाठवावे. एका बाटलीचा नफा जाईल. परंतु ज्या घरचे आजोबा पुन्हा देवळापर्यंत चालत जातील, ते घर आपले दुकान विसरणार नाही.