सगळं ठीक दिसतंय, पण यंत्र जागं आहे का? दूरवर नजर ठेवणारी उपकरणं नेमकी कधी बदलायची?

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीची कंट्रोल रूम. दुपार झाली होती आणि पडद्यावर एकही नवा अलार्म येत नव्हता. अलार्म नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजून कर्मचारी आपापल्या कामात होते.

प्रत्यक्षात दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी अलार्म देणारी यंत्रणाच बंद पडली होती. आणि ती बंद पडली आहे, हे सांगणारा दुसरा अलार्म कुठे नव्हता!

३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टची एक लाईन झाडाला टेकून बंद पडली. पुढच्या पाऊण तासात आणखी दोन मोठ्या लाईन गेल्या. शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते, “तुमच्याकडे काही गडबड आहे का?” कर्मचारी पडद्याकडे बघायचे, तर तिथे काहीच नाही. मधल्या काळात संगणक विभागाने सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि काम झालं असं मानलं. अलार्म खरोखर येतायत का, हे मात्र कंट्रोल रूमला विचारलं गेलं नाही.

सव्वाचारच्या आत अमेरिकेची ८ राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारियो प्रांत यांतल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली होती.

या घटनेला झाडं न छाटण्यापासून अनेक कारणं होती. पण चौकशीत एक गोष्ट अशी समोर आली, जी कुठल्याही कारखान्यातल्या किंवा सोसायटीतल्या माणसाला ओळखीची वाटेल. ती यंत्रणा १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात होती, १९९८ नंतरच्या नव्या आवृत्त्या तिच्यावर घेतलेल्या नव्हत्या आणि ती बदलून दुसऱ्या कंपनीची घ्यायची हे आधीच ठरलेलं होतं.

म्हणजे जुनी झाली हे माहीत होतं. बदलायचं हेही ठरलं होतं. फक्त बदल अजून झाला नव्हता.

प्रश्न फक्त वीज कंपन्यांचा नाही

दूरवर नजर ठेवणारी उपकरणं आज सगळीकडे आहेत. सोसायटीचा सीसीटीव्ही, पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारा सेन्सर, शेतातल्या विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर, कोल्ड स्टोरेजचं तापमान कळवणारं यंत्र, धरणावरचा पर्जन्यमापक. या सगळ्यांचं काम एकच. जिथे माणूस उभा राहू शकत नाही तिथे उभं राहायचं आणि काही बिनसलं तर कळवायचं.

या कामातच एक अडचण दडलेली आहे. पंखा बिघडला तर उकडायला लागतं, लगेच कळतं. पाळत ठेवणारं उपकरण बिघडलं तर काहीच होत नाही. सगळं ठीक असतानाही ते गप्पच असतं आणि मेल्यावरही गप्पच असतं. म्हणूनच चोरी झाल्यावर कळतं, की कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तीन महिन्यांपूर्वीच थांबलंय.

त्यामुळे “चालतंय ना, मग कशाला बदलायचं?” हा नियम मिक्सरला लागू होईल, या उपकरणांना नाही. इथे आधी विचारायचं, की ते चालतंय हे आपल्याला कशावरून कळलं?

पहिली खूण: गप्प राहणं आणि बंद पडणं यातला फरक कळत नाही

चांगली यंत्रणा काही घडलं नसतानाही ठरावीक वेळाने “मी जागी आहे” असा निरोप पाठवते. हा निरोप आला नाही की समोरची बाजू स्वतःहून ओरडते. रात्रीच्या गस्तीवाल्याने तासातासाला टोल द्यावा, तसंच हे. टोल ऐकू आला नाही, तर गस्तीवाल्याचं काय झालं ते बघायला माणूस जातो.

जुन्या अनेक उपकरणांमध्ये ही सोय नसते. ती फक्त संकट आलं तरच बोलतात. असं उपकरण महत्त्वाच्या जागी असेल, तर ते कितीही दणकट असलं तरी बदलण्याच्या यादीत वर हवं.

सध्या बदलणं शक्य नसेल, तर एक बिनखर्चिक उपाय आहे. महिन्यातून एकदा मुद्दाम बिघाड करायचा. टाकीतला फ्लोट हाताने उचलायचा, कोल्ड स्टोरेजचं दार जास्त वेळ उघडं ठेवायचं, कॅमेऱ्याचं कालचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं. मोबाईलवर मेसेज आला तर यंत्रणा जिवंत आहे. ओहायोत सर्व्हर सुरू केल्यानंतर हीच एक चाचणी राहून गेली होती.

दुसरी खूण: यंत्र ठणठणीत आहे, पण त्याचा रस्ताच बंद होतोय

अशा यंत्रणेला चार कड्या असतात: मोजणारा सेन्सर, त्याच्याजवळचा डबा, निरोप नेणारं नेटवर्क आणि तो निरोप दाखवणारा पडदा. चारही कड्यांचं आयुष्य वेगवेगळं असतं, आणि बऱ्याचदा सगळ्यात आधी नेटवर्कची कडी तुटते.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोबाईल कंपन्यांनी आपलं थ्रीजी नेटवर्क बंद केलं. एटी अँड टीने फेब्रुवारीत, टी-मोबाईलने उन्हाळ्यात, व्हेरायझनने वर्षअखेरीस. फोन तर लोकांनी केव्हाच बदलले होते. अडचण झाली ती आगीचे आणि चोरीचे अलार्म, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं आणि गाड्यांमधली अपघात कळवणारी यंत्रं यांची. यातली कितीतरी उपकरणं पूर्णपणे धडधाकट होती. त्यांचा निरोप नेणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

भारतात एअरटेलने २०२० मध्येच थ्रीजी गुंडाळलं. टूजी अजून आहे, पण जिओकडे टूजी कधी नव्हतंच. म्हणूनच टूजीवर चालणाऱ्या मोबाईल स्टार्टरमध्ये जिओचं सिम घातलं तर पंप सुरू होत नाही. दोष स्टार्टरचा नसतो आणि सिमचाही नसतो.

नेटवर्क बंद होणार असल्याची सूचना बरीच आधी मिळते. उपकरण बदलायचा मुहूर्त त्या दिवसाला बांधायचा असतो, ते कधी मोडेल त्याला नाही. आणि नव्याने घेताना, याचा संपर्काचा भाग वेगळा बदलता येतो का, हे आधी विचारलेलं बरं.

तिसरी खूण: दुरुस्तीला जाणारं कुणी उरलेलं नाही

१९८२-८३ चा एल निनो जगाला वेळेत कळलाच नव्हता. त्यानंतर प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात समुद्रतळाशी बांधलेल्या सुमारे ७० तरंगत्या बोयांची साखळी उभी केली गेली. तिचं नाव ‘ताओ’. १९९४ मध्ये ती पूर्ण झाली. वारा, पाण्याचं वरचं आणि खोलवरचं तापमान ती उपग्रहामार्फत कळवायची. एल निनोचा आपल्या मान्सूनशी जवळचा संबंध असल्याने या बोयांचं बोलणं महाराष्ट्रातल्या शेतापर्यंत पोचतं.

खारं पाणी, वादळं आणि मासेमारी बोटींचे धक्के यांमुळे या बोयांची सतत देखभाल करावी लागते. त्यासाठी एक खास जहाज होतं. २०१२ मध्ये खर्चात कपात करताना ते जहाज कामातून काढलं गेलं.  २०१४ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या ताब्यातल्या बोयांकडून येणारी माहिती अपेक्षेच्या सुमारे ४० टक्क्यांवर घसरली. पुन्हा पैसे आणि जहाजं मिळाल्यावरच ती सावरली.

उपकरणाचं वय त्याच्या डब्यावरच्या तारखेवरून ठरत नाही, ते असं. त्याचा सुटा भाग मिळतो का? ते उघडून दुरुस्त करणारा माणूस आहे का? की तो एकच आहे आणि पुढच्या वर्षी निवृत्त होतोय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर उपकरण आजच म्हातारं झालंय.

चौथी खूण: ते दुसऱ्याच्या हाती लागू शकतं

२१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट काही तास नीट उघडेनात. हल्ला करणाऱ्यांनी त्यासाठी महागडे संगणक वापरले नव्हते. ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने लोकांच्या घरादुकानांतले इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले होते. कारण काय, तर त्यांचा पासवर्ड कारखान्यात टाकलेलाच राहिला होता. काहींमध्ये तर मालकाला तो बदलताच येत नव्हता.

ज्या उपकरणाला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट यायचे थांबलेत आणि ज्याचा पासवर्ड बदलता येत नाही, ते इंटरनेटवर ठेवणं म्हणजे पहारेकऱ्यालाच दार उघडं टाकायला सांगणं. त्याला एकतर इंटरनेटपासून तोडावं किंवा बदलावं.

मग जुनं ते सगळं फेकायचं का?

नाही. पुष्कळदा चारांपैकी एकच कडी बदलणं पुरतं. आकडा चुकीचा येत असेल, तर आधी सेन्सर तपासावा. तापमानाच्या सेन्सरसाठी सोपी परीक्षा आहे. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांचा दाट काला करून पाण्यात चालणाऱ्या सेन्सरचं टोक काही मिनिटं त्यात ठेवायचं. आकडा शून्य अंशाच्या जवळ आला पाहिजे. दर वेळी तेवढाच फरक दिसत असेल, तर तो फरक धरून काम चालतं. दर वेळी वेगळाच आकडा आला, तर सेन्सर गेला समजावं. पण पूर्ण यंत्रणा मोडीत काढायचं कारण नाही.

खर्चाचा हिशोबही नीट मांडायला हवा. नव्या यंत्राची किंमत जुन्याच्या दुरुस्तीशी ताडून बघतात, तिथेच चूक होते. ती ताडायची असते ते यंत्र एका वाईट रात्री गप्प राहिलं तर होणाऱ्या नुकसानाशी. बागेतल्या टाकीचा सेन्सर मेला तर थोडं पाणी वाया जाईल. तो मरेपर्यंत वापरायला हरकत नाही. लसी ठेवलेल्या फ्रीजचा सेन्सर मात्र मरायची वाट बघण्यासारखा नाही.

बदलायचं कसं, हे मुंबईने १२० वर्षांपूर्वी दाखवलंय

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने या नाजूक नोंदी बिघडणार, हे उघड होतं. कुलाब्याची उपकरणं खराब झालेली नव्हती, त्यांच्या भोवतालचं जग बदलत होतं.

वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम धावायची वाट पाहिली नाही. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो हे नेमकं कळलं आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागच्या नोंदी आजही सुरू आहेत आणि कुलाब्यासह ही जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय नोंदींपैकी एक मानली जाते.

ओहायोतही बदलायचा निर्णय झाला होता, मुंबईतही झाला होता. मुंबईत तो धोका येण्याआधी अमलात आला, आणि नवं विश्वासाचं ठरेपर्यंत जुन्याला सुट्टी मिळाली नाही.

तुमच्या सोसायटीची, शेताची किंवा दुकानाची यंत्रणा लहान असेल, पण रीत हीच. नवा डबा बसवल्यावर जुना त्याच दिवशी भंगारात देऊ नका. महिनाभर दोन्ही शेजारीशेजारी चालू द्या, आकडे ताडून बघा, एकदा मुद्दाम बिघाड करून दोघांचेही मेसेज येतात का ते बघा.

आणि बदलायचं ठरलंय पण पैसे पुढच्या वर्षी मिळणार आहेत, अशी परिस्थिती असेल, तर तोवर रोज एकदा माणसाने जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. कंटाळवाणं काम आहे खरं, पण जे यंत्र बदलायचं आपणच ठरवलंय, त्याच्या गप्प बसण्यावर तेवढे दिवस विश्वास कसा ठेवणार?