पावनखिंडीची वाट आणि मसाईचे पठार

आषाढ लागला की पन्हाळगड ते पावनखिंड या वाटेवर तरुणांचे जथे चालू लागतात. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजीमहाराज विशाळगडाकडे निघाले, ती ही पन्नासएक किलोमीटरची वाट. चिखलपाण्यातून ती तुडविण्यामागील भावना निर्मळ आहे, याविषयी शंका नाही. प्रश्न निराळाच आहे. इतिहासापुढे नतमस्तक होणाऱ्या या पावलांखाली काय येते?

पन्हाळा सोडल्यावर वाट मसाई पठारावर चढते. पठार जांभ्या दगडाचे. असल्या सड्यांवर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोट-दोन बोटेच असतो. उन्हाळ्यात ओसाड दिसणारी ही जमीन श्रावण-भाद्रपदात फुलते. त्यांतील पुष्कळ वनस्पती एकाच पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या. आषाढात त्यांचे कोंब नुकते वर आलेले असतात आणि नेमकी तेव्हाच आपली पदयात्रा तेथून जाते. चिखल लागला की पुढचा मनुष्य बूट सांभाळीत कडेने जातो, मागचा त्याच्याही कडेने. पाहता पाहता पाऊलवाटेची गाडीवाट होते, तुडविलेली माती पावसाबरोबर वाहून जाते आणि उघडा कातळ उरतो. गुरेही तेथे चरतात, असे कोणी म्हणेल. पण गुरे पठारभर पांगतात, शेकड्यांनी एका ओळीत चालत नाहीत.

कचरा परत आणण्याचा उपदेश आता सर्वतोमुखी आहे आणि तो योग्यच आहे. परंतु कचरा उचलता येतो. धुपून गेलेली माती परत आणता येत नाही. म्हणून चिखल आला तर चिखलातूनच चालावे. ओढ्यात साबणाने भांडी घासू नयेत. त्याच पाण्यावर खालची वाडी अवलंबून असते.

अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतराजीतून जाणारी वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची आहे. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती पुरी झाली आणि १९६८ मध्ये तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. तरीही तिची देखभाल आजसुद्धा मुख्यत्वे पदभ्रमण मंडळांचे स्वयंसेवकच करतात. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा ठरावीक तुकडा असतो. पाण्याचे चर मोकळे करणे, पडलेली झाडे हटविणे ही त्याची कामे. चालणारा एक आणि राखणारा दुसरा, अशी वाटणी तेथे नाही.

पावनखिंडीच्या पदयात्रा भरविणाऱ्या संस्थांना मनुष्यबळाची वानवा नाही. वनखाते व ग्रामपंचायती यांच्या संमतीने त्यांनी मसाईवरील वाट आपसांत वाटून घ्यावी, पावसापूर्वी एखादा रविवार देऊन पाऊलवाट एकच राहील अशा खुणा कराव्यात आणि एका दिवशी किती जणांना न्यायचे, तो आकडाही ठरवावा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात अशी मर्यादा घालावी लागली आहे. पदयात्रेच्या प्रवेशअर्जावर मुक्कामाची आणि जेवणाची माहिती असतेच. तिच्याखाली, चिखल टाळून कडेने चालणाऱ्यास पुढील वर्षी प्रवेश नाही, एवढी एक ओळ छापण्यास यंदापासूनच प्रारंभ करता येईल.