राघूची बैठक

दिवाळीची झाडलोट निघाली, की फळीवरची खेळणी खाली उतरतात आणि एखाद्याची बैठक तुटते. वरचा राघू मात्र धडधाकट असतो. आम्हां धर्माबादकरांच्या घरी हा राघू बहुधा निर्मलचा. निर्मल आज तेलंगणात असले, तरी 1956 पर्यंत दोन्ही गावे हैदराबाद राज्यातच होती.

ही खेळणी पोनिकीच्या हलक्या, मऊ लाकडाची. बैठक उपटू गेलात, तर राघूचा पायच हातात यायचा! सांध्यात चिंचोक्याची खळ असेल, तर ओलसर फडक्याने तेवढाच भाग भिजवावा. रंगाला पाणी लागू देऊ नये. खळ सैल झाली, की पातळ सुरी हळूच सरकवावी. नवी बैठक सागवानी, थोडी रुंद व जड घ्यावी, म्हणजे राघू कलंडत नाही. खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधा भरावा व सावलीत वाळवावा.

आमच्या राघूच्या तुटक्या बैठकीखाली आईने शाईने खरेदीचे साल लिहिले होते. सुतार म्हणाला, "सर, ही चुलीत टाका." मी ती वरून तासली आणि अक्षरे खाली ठेवून नव्या बैठकीच्या तळाशी बसवली. राघू उचलला, की आईचे अक्षर अजून दिसते.