एका सेकंदाचा ठोका

विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून ‘स्पीकर नक्की किती वाजता बंद झाला?’ असं विचारून बघा. प्रत्येक जण आपापलं घड्याळ दाखवेल. कुणाचं ११.५८, कुणाचं १२.०३. एरवी या पाच मिनिटांनी कुणाचं काही बिघडत नाही, पण इथे बिघडतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी राज्य सरकार ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. म्हणजे ११.५८ चा दणदणाट परवानगीतला असू शकतो आणि १२.०३ चा नक्कीच नाही.

सीओईपीचे विद्यार्थी गेली अनेक वर्षं बेलबाग चौकापासून टिळक चौकापर्यंत उभे राहून मिरवणुकीतल्या आवाजाची डेसिबलमध्ये नोंद करतात. दुसऱ्या दिवशी त्या आकड्यांच्या बातम्या होतात. हे बघून अनेक इंजिनीअरिंगवाल्यांच्या डोक्यात मिनी प्रोजेक्ट येतो: अर्डुइनो, एक साउंड सेन्सर, एक मेमरी कार्ड आणि झाला आपला ‘नॉइज लॉगर’. मी मासकॉमची, त्यामुळे मला त्यातल्या सेन्सरपेक्षा वेळेच्या रकान्यात जास्त रस. बातमीत आकडा लिहिला की डेस्कवरून पहिला प्रश्न येतो, ‘किती वाजताचा?’ त्याचं उत्तर डळमळीत असेल तर आकडाही डळमळीत.

अर्डुइनो उनो स्वतः वेळ मोजतं, पण घड्याळ म्हणून ते भरवशाचं नाही. त्याच्या मुख्य चिपला ताल देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ, पण दिवसाला ती सात मिनिटं होतात. प्रत्यक्षात चूक बहुतेकदा याहून कमी निघते, फक्त किती ते आधी कळत नाही. आणि आपली मिरवणूक गेली काही वर्षं २४ तासांहून जास्त चालते आहे! त्यात मध्येच पॉवर बँक संपली तर अर्डुइनोची मोजणी पुन्हा शून्यापासून.

म्हणून तपकीर गल्लीत जाऊन आरटीसी, म्हणजे रिअल टाइम क्लॉक मॉड्यूल आणायचं. सोबत बटण सेल असतो, त्यामुळे वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं. साधारण दोन चिप मिळतात: जुनी डीएस १३०७ आणि तिच्याहून अचूक डीएस ३२३१. दोन्हींच्या मुळाशी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो. तोच आपला सेकंद.

गडबड हवामानाने होते. हा स्फटिक साधारण २५ अंशांना सगळ्यात खूश असतो. एप्रिलमधल्या ४० अंशांत तो मंदावतो आणि रोज अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडतो. गंमत म्हणजे डिसेंबरच्या १० अंशांतही तो तितकाच मागे पडतो, पुढे जात नाही. डीएस १३०७ ला याचा पत्ताच नसतो. डीएस ३२३१ दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजते आणि त्यानुसार दुरुस्ती करते. त्यामुळे ० ते ४० अंशांत वर्षाकाठी चूक साधारण एका मिनिटाच्या आत राहते. विकत घेताना चिपवरची अक्षरं मात्र नीट वाचा. शेवटी ‘एम’ असेल तर ती वेगळ्या बनावटीची आणि थोडी कमी अचूक असते.

आता मुख्य भानगड. मॉड्यूलवर ‘एसक्यूडब्ल्यू’ लिहिलेली एक पिन असते, स्क्वेअर वेव्हची. सेकंदाला एक ठोका हवा असेल तर तो इथून मिळतो. वायर जोडली, कोड टाकला आणि पिनवर काहीच नाही, हा अनुभव लॅबमध्ये इतका कॉमन आहे की चिप जळाली असं समजून दुसरी आणणारेही असतात. चिप ठणठणीत असते. डीएस ३२३१ च्या या एकाच पिनला दोन कामं आहेत: अलार्म वाजला की खूण करणं किंवा ठोके देणं. वीज मिळाल्यावर ती पहिल्या कामावर असते. तिला दुसऱ्या कामावर लावायचं तर मायक्रोकंट्रोलरने आय-टू-सीवरून, हेक्समधल्या ६८ या पत्त्यावर, ०ई क्रमांकाच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. तिथला ‘आयएनटीसीएन’ हा बिट ० केला की ठोके सुरू होतात. ‘आरएस १’ आणि ‘आरएस २’ हे दोन्ही ० केले की त्यांचा वेग सेकंदाला एक होतो. हे विसरलात तर सेकंदाला ८,१९२ ठोके येतील आणि लॉगर वेडा होईल.

त्याच रजिस्टरमधला सगळ्यात वरचा बिट उलट्या डोक्याचा आहे. तिथे १ लिहिलं तर सेलवर असताना घड्याळ चक्क थांबतं. त्यामुळे नेटवरून उचललेला आकडा डोळे झाकून टाकू नका. साधा ठोका हवा असेल तर पूर्ण रजिस्टर शून्य करणं पुरतं. डीएस १३०७ चं गणित वेगळं: तिथे रजिस्टर ०७ आणि आकडा हेक्समधला १०. एकीचा कोड दुसरीला चालत नाही.

तरीही ठोका दिसत नसेल तर कारण बहुधा रेझिस्टर. ही पिन स्वतःहून वर जात नाही, फक्त खाली खेचते. स्प्रिंगच्या दारासारखं समजा: चिप दार ओढते, सोडल्यावर ते परत न्यायला स्प्रिंग लागते. ती स्प्रिंग म्हणजे पुलअप रेझिस्टर. काही मॉड्यूलवर तो आधीच असतो. नसेल तर अर्डुइनोचा आतला पुलअप चालू करा. सिग्नल खाली पडतो त्या क्षणी सेकंद बदलतो, म्हणून इंटरप्ट त्याच कडेवर लावायचा. इंटरप्टमध्ये फक्त झेंडा वर करायचा, वेळ वाचणं आणि कार्डवर लिहिणं बाहेर.

सेकंदाला एक ठोका ही कल्पना आपल्या जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना २५ किलोमीटरपर्यंत पसरल्यात. त्या सगळ्यांना एकाच वेळेत बांधून ठेवलं नाही तर त्यांची एक दुर्बीण होतच नाही. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणीचे जे पुरावे जाहीर झाले, त्यात इथे मोजलेल्या पल्सारच्या ठोक्यांच्या वेळाही होत्या. आपल्या लॉगरला एवढी बारीक वेळ लागत नाही. पण चार चौकांतले चार लॉगर एकमेकांशी जुळायला हवेत, ही अट तीच.

अर्थात घरगुती लॉगरच्या नोंदीवरून कुणावर कारवाई होणार नाही. त्यासाठी प्रमाणित आवाजमापकच लागतो. पण कुठल्या चौकात कधी आवाज चढला, हे तुमच्या आलेखात खरं दिसू शकतं.

मिरवणुकीच्या आठवडाभर आधी एक करून बघा. सगळी मॉड्यूल टेबलावर ठेवा, प्रत्येकाच्या ठोक्यावर एक एलईडी लावा आणि सगळ्यांना एकाच क्षणी वेळ द्या. सुरुवातीला सगळे एकत्र लुकलुकतील. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर जो एलईडी ताल सोडून लुकलुकत असेल, ते मॉड्यूल बाजूला काढा.