व्होल्गा गोठली नाही म्हणून!

ओळख पाहू! युरोपातल्या एका प्रदेशात सगळ्यात जास्त लोक बौद्ध धर्म मानतात. तिथल्या चहात साखर नसते, मीठ आणि लोणी असतं! कुठला बरं हा प्रदेश?

काल्मिकिया! रशियात, कास्पियन समुद्राजवळ. आणि तिथले काल्मिक लोक आहेत चक्क मंगोल!

पण मंगोल तर दूर पूर्वेकडचे. मग ते युरोपात कसे?

चालत आणि घोड्यावरून! त्यांचे पूर्वज ओइरात मंगोल. ते राहायचे जुंगारियात. हा भाग आज चीनमध्ये आहे. तिथून तोरगूत टोळी खो ओर्लुक या सरदारामागे पश्चिमेला निघाली. मेंढ्या, उंट, घोडे, आजी-आजोबा, सगळे! घरंसुद्धा बरोबर! लाकडी जाळीवर लोकरीचं जाड आवरण, की झालं घर. सोडलं, उंटावर लादलं, चला पुढे! सुमारे 3000 किलोमीटर कापून 1630च्या आसपास ते व्होल्गा नदीपाशी पोहोचले.

तिथे नदीच्या दोन्ही काठांवर ते रमले. पण हळूहळू त्यांच्या कुरणांवर बाहेरचे शेतकरी येऊन वसू लागले. रशियाच्या लढायांसाठी त्यांचे घोडेस्वार सारखे मागितले जाऊ लागले. शेवटी त्यांचा तरुण राजा उबाशी खान म्हणाला, आता परत जायचं.

निघायचं कधी? जानेवारी 1771. एवढ्या कडाक्याच्या थंडीत? हो, मुद्दामच! कारण तेव्हा नदीचाच पूल होतो.

सरबतात बर्फ टाकलास की तो वर तरंगतो ना? नदीतही तसंच. बर्फ वर, पाणी खाली वाहतंय. तो पुरेसा जाड झाला की त्यावरून उंटसुद्धा चालतात!

पण त्या वर्षी काय झालं माहीत आहे? हिवाळा ऊबदार निघाला आणि व्होल्गा नीट गोठलीच नाही!

पूर्व काठावरचे दीड लाखाहून जास्त लोक निघाले. पश्चिम काठावरचे अडकले! विचार कर, थंडी थोडी वाढली असती तर आज युरोपात काल्मिक उरले असते का?

निघालेल्यांचे फार हाल झाले. भूक, आजार, वाटेतले हल्ले. निम्म्याहून कमी लोक जुंगारियात पोहोचले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

मागे राहिलेल्यांच्या वंशजांनाही सुख लाभलं नाही. डिसेंबर 1943मध्ये रशियातल्या तेव्हाच्या सोव्हिएत सरकारने जवळजवळ सगळ्या काल्मिकांना, अगदी तान्ह्या बाळांनाही, रेल्वेच्या डब्यांत कोंबून सायबेरियात धाडलं. कितीतरी जण थंडीने आणि उपासमारीने गेले. परतीची परवानगी मिळाली थेट 1957मध्ये.

ते परतले! राजधानी एलिस्तात 2005मध्ये त्यांनी भलंमोठं बुद्धमंदिर उभारलं. आणि बुद्धिबळाचं वेड तर विचारूच नकोस! तिथल्या शाळांत बुद्धिबळ शिकवतात. 1998चं बुद्धिबळ ऑलिम्पियाड एलिस्तातच झालं. त्यासाठी शहराच्या कडेला एक नवी वसाहतच बांधली. तिचं नाव काय असेल? बुद्धिबळनगरी!