तीन चाकांची लक्ष्मी

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या वसईच्या घरासमोर भोंगा वाजला. पेपर बाजूला ठेवून बाहेर येतो तो काय, झेंडूच्या माळा घातलेली कोरी करकरीत रिक्षा दारात उभी, आणि शेजारी आमचा भाचा, चेहऱ्यावर नव्या जावयासारखा संकोच घेऊन! सौभाग्यवतींनी लगबगीने ताट आणले. हळदकुंकू झाले, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. “मामा, पहिली सवारी तुमची,” असे म्हणून त्याने मला मागे बसवले आणि पापडीच्या नाक्यापर्यंत फिरवून आणले.

हा मान मला मिळाला त्यालाही कारण होते. कर्जाच्या हप्त्याआधी भरावी लागणारी रक्कम माझ्या निवृत्तीच्या पैशांतून गेली होती. त्यामुळे रिक्षा भाच्याची असली, तरी तिचा प्रत्येक खडखडाट माझ्याच छातीत वाजत असे. पुढील सहा महिन्यांत मी जे शिकलो, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल. आज कुणाचा पुतण्या रिक्षा घेतो, कुणाची सूनबाई स्वतः चालवते, आणि निदान स्टेशन गाठायला तर आपण सारेच तिच्यात बसतो.

मधमाशीचा वंश

ही रिक्षा म्हणजे मुळात तीन चाकांवर बसवलेली स्कूटर. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील पियाज्यो कंपनीने १९४६ साली ‘व्हेस्पा’ स्कूटर काढली. ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. तिचा रचनाकार कोराडिनो दास्कानिओ हा मूळचा विमाने आणि हेलिकॉप्टरे यांच्या विद्येतला माणूस. त्याच स्कूटरचे पुढचे अंग तसेच ठेवून मागे दोन चाके व हौदा जोडला, आणि १९४८ साली ‘आपे’, म्हणजे मधमाशी, जन्माला आली. गरीब देशातील किरकोळ मालाच्या वाहतुकीची ती सोय होती. आपल्याकडे १९६० नंतरच्या दशकात बजाज कंपनीने पियाज्योच्याच सहकार्याने स्कूटरबरोबर तीनचाकीही बनवायला घेतली. पुढे पियाज्योनेही बारामतीस स्वतःचा कारखाना काढला.

हा वंशवृक्ष सांगण्याचे कारण एवढेच, की रिक्षाला मोटारीसारखे चक्र नसते, हँडल असते. पुढे एकच चाक, आणि इंजिन मागे, उतारूंच्या बैठकीखाली. तिची नाजूक ठिकाणे या रचनेतूनच आलेली आहेत. भरधाव वळणावर मोटारीला चार कोपऱ्यांचा आधार असतो, हिला तीनच. म्हणून चालकाच्या मांडीला मांडी लावून चौथा उतारू बसला, की हँडल पुरते वळत नाही आणि तोलही बिघडतो. नियमाने उतारू तीनच. स्टेशनवर घाई असते हे खरे. पण “सरका जरा पुढे,” असे म्हणणारे आपणच असतो, हेही तितकेच खरे.

इंजिन बसू द्या

गाडी आली त्याच संध्याकाळी तिला सजवण्याचा उद्योग निघाला. एका दुकानदाराने मोठे स्पीकर, रंगीत दिवे आणि घोड्याच्या शेपटीसारख्या झिरमिळ्या भाच्याच्या गळ्यात मारण्याचा घाट घातला होता. सुदैवाने त्याआधी तो आमच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “पोरा, तुला गाडी चालवायची आहे की वरात काढायची आहे?”

मग त्यांनी समजावले ते असे. कंपनीने वायरिंग मोजून मापून केलेले असते. मधूनच वायर सोलून जादा दिवे जोडले, की बॅटरीवर ताण येतो, जोड तापतात, आणि गॅसवर चालणाऱ्या गाडीत ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. त्यापेक्षा तोच पैसा पायाखालचे रबर उचलून खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप देण्यात घालावा.

दुसरी गोष्ट इंजिनाची. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांची अजून नीट ओळख झालेली नसते. पहिले काही शेकडा किलोमीटर ती एकमेकांवर घासून जागच्या जागी बसतात. या काळात गाडी सतत भरधाव पळवू नये, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नये, पूर्ण लोड घेऊन लांब पल्ला मारू नये. त्या घासण्यातून धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेली पहिली सर्व्हिसिंग वेळेवर करून ऑइल बदलायचे. “एवढ्यात कशाला, गाडी तर नवी आहे,” असे म्हणणाऱ्याने तो चुराच इंजिनाला परत पाजला असे समजावे.

मला हे पटले नाही. हप्त्याची तारीख डोळ्यांपुढे नाचत होती. मी म्हणालो, “अरे, विरारपर्यंतची भाडी घे, रात्रीच्या फेऱ्या मार. पैसे फिटले पाहिजेत!” भाचा मान खाली घालून म्हणाला, “मामा, पहिला महिना थोडा दम धरा.” त्या महिन्यात कमाई बेताचीच झाली आणि माझी धुसफूस मात्र भरपूर.

खारा वारा, गोडे पाणी

आपला वसई-विरारचा मुलूख उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांनी वेढलेला आहे. नायगावकडची मिठागरे आपण गाडीतून पाहतोच. मिठागरात मीठ पिकवणारा हाच वारा पत्र्यावर गंजही पिकवतो. रविवारी कळंबच्या किनाऱ्यावर जाणारी हौशी मंडळी “जरा वाळूवर ने रे, फोटो काढतो,” असा आग्रह धरतात. भाचा हात जोडतो. ओल्या वाळूतले खारे पाणी खालच्या सांध्यांत शिरले, की वरचा रंग चकाकत असतानाच आतला पत्रा पापडासारखा होतो.

उपाय साधा आहे. किनाऱ्याकडून आल्यावर गाडीचे पोट, म्हणजे खालची बाजू, गोड्या पाण्याने धुवायची. पुढच्या चाकाच्या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस द्यायचे. क्लच आणि गिअरच्या वायरी ऑइल पाजून मोकळ्या ठेवायच्या. वायर जड चालू लागली की ती तुटायच्या बेतात आहे असे समजावे.

गॅसचेही तसेच. सीएनजीची टाकी सुमारे दोनशे बार दाबाने भरतात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशेपट दाब! म्हणून टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून घेणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि तिची तारीख पाटीवर लिहिलेली असते. गॅसचा वास आला तर आधी इंजिन बंद, उतारू खाली, टाकीचा वॉल्व बंद, मग बाकीचे. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे इंजिनाच्या वॉल्वची झीज होऊन त्यांतले अंतर बदलते. ते मिस्त्रींकडून वेळेवर तपासून घ्यावे. राखीव पेट्रोलवरही अधूनमधून गाडी चालवावी, नाही तर गरजेच्या वेळी शिळे पेट्रोल दगा देते.

कागदपत्रे हाही देखभालीचाच भाग. नोंदणीची एमएच ४८ ची पाटी लागली म्हणजे झाले असे नव्हे. परमिट, विमा, चालकाचा बॅज आणि फिटनेसचा दाखला यांच्या तारखा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवल्या आहेत. तिथे त्या चुकत नाहीत.

पाण्याची परीक्षा

मग पावसाळा आला. २०१८ सालच्या जुलैतले पाणी वसई-नालासोपाऱ्याचे लोक विसरलेले नाहीत. रूळ बुडाले, आगगाड्या अडकल्या, मिठागरांतली माणसे वेढली गेली. समुद्राला भरती आणि वरून मुसळधार, असा योग आला की आपल्या सखल भागातले पाणी हटत नाही. यंदाही दोन दिवस तसेच गेले. नालासोपाऱ्याच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी. भाचा गाडी एका उंचवट्यावर लावून घरी येऊन बसला.

आता मला जे लिहायचे आहे ते लिहिताना लाज वाटते. मी त्याला म्हणालो, “आज लोक मागतील ते देतील. दोन दिवसांत अर्धा हप्ता निघेल. आणि तू घरात बसून भजी खातोस?”

तो शांतपणे म्हणाला, “मामा, इंजिन मागे किती खाली आहे ते तुम्ही पाहिलेय ना? आत पाणी गेले तर?”

“तर काय, सुकेल!”

तेवढ्यात समोरच्या चाळीतला एक रिक्षावाला भिजून चिंब होऊन आला. त्याची गाडी पाण्यात बंद पडली होती. आधी त्याने, मग मदतीला आलेल्या दोघातिघांनी ती पुन:पुन्हा चालू करून पाहिली. शेवटी आत कडाडकन आवाज झाला. गाडी ढकलत मिस्त्रींच्या दारात नेली तेव्हा मीही छत्री घेऊन गेलो.

मिस्त्रींनी इंजिन उघडून वाकलेला दांडा माझ्या हातावर ठेवला. “काका, हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. पिस्टन वर आला, वर पाणी, खालून जोर. मग दांडा वाकणारच. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टरला हात लावायचाच नाही. ढकलायची, बाहेर काढायची, प्लग काढून पाणी काढायचे. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय चालू करायची नाही. चाक अर्धे बुडेल एवढ्या पाण्यात मुळी शिरायचेच नाही. आणि पाण्यातून आल्यावर ब्रेक हलके हलके दाबून सुकवायचे, नाही तर पुढच्या वळणावर गाडी थांबणार नाही.”

त्या गरीब माणसाची गाडी महिनाभर उभी राहिली. हप्ता मात्र उभा राहिला नाही. तो दांडा हातात घेऊन मी विचार करीत होतो, की माझे ऐकले असते तर आज हा भाच्याच्या हातात असता, आणि माझ्या निवृत्तीचे पैसे त्याच्याबरोबर वाकले असते. घरी येऊन मी एवढेच म्हणालो, “भजी उरली आहेत का रे?” तो हसला. त्यापलीकडे त्या विषयावर आमच्यात बोलणे झाले नाही.

तीन डबे

रोज पहाटे भाचा पाच मिनिटे गाडीभोवती फिरतो. ऑइल, टायरांतली हवा, ब्रेक, दिवे, स्टेपनी, गॅसचा वास. रात्री हिशेब होतो. सौभाग्यवतींनी त्याला बिस्किटांचे तीन रिकामे डबे दिले आहेत: एक हप्त्याचा, एक घराचा आणि एक गाडीचा. गाडीच्या डब्यात आधी पैसे पडतात, मग बाकीच्या दोहोंत. आरंभी मला हे उलटे वाटत असे. आता कळते, की तो तिसरा डबा रिकामा राहिला तर उरलेले दोन्ही फार दिवस भरत नाहीत.

सहा महिन्यांत एकही हप्ता चुकलेला नाही. यंदा लक्ष्मीपूजनाला पाटावर ते तीनही डबे मांडायचे ठरले आहे, आणि दारात धुऊनपुसून उभी असेल ती रिक्षा. पहिली आरती कुणाला ओवाळायची, यावर मामी-भाच्यांत अजून वाद चालू आहे. मला विचाराल, तर आधी मिस्त्रींकडे फराळाचे ताट पोचवावे.