रूमवरच्या गिझरचे महिना 400 रुपये बरोबर आहेत का? मोबाईलवरून असं तपासा

बोईसरला रूम शेअर करून राहणाऱ्यांना हे नवीन नाही. तारापूर एमआयडीसीत कामाला लागलेली चार-पाच पोरं मिळून एक रूम घेतात. भाडं ठरलेलं असतं, पण महिन्याच्या चिठ्ठीवर खाली अजून दोन ओळी येतात: "लाइट 18 रु. युनिट" आणि "गिझर 400 रु. प्रत्येकी". पहिल्या महिन्यात कोणी बोलत नाही. तिसऱ्या महिन्यात रूमच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते आणि शेवटी "जाऊ दे ना यार" म्हणून सगळे जीपे करतात.

मी दांडीचा. आमच्या गावापासून जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, देशातलं पहिलं, 1969 पासून चालू. आणि त्याच परिसरात माझा मावसभाऊ एक युनिट वीज 18 रुपयांना घेत होता. त्याने चिठ्ठीचा फोटो पाठवला, मग आम्ही दोघांनी बसून हिशोब मांडला. तोच इथे देतोय, तुमच्या रूमचे आकडे टाकून बघा.

आधी युनिटचा दर. 18 म्हणजे सरळ लूट, असं लगेच ठरवू नका. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांमध्ये असतो: 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. पहिला टप्पा सगळ्यात स्वस्त, पुढचा प्रत्येक टप्पा महाग. आता घरमालकाच्या नावावर एकच मेन मीटर आणि खाली सहा रूमचे सबमीटर असतील, तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात. तुमच्या रूमने फक्त 90 युनिट जाळले तरी बिल वरच्या टप्प्यांत जातं. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. म्हणून "पेपरात तर दर एवढा कमी आहे" हा मुद्दा घरमालकासमोर टिकत नाही.

टिकणारा आकडा एकच: मेन मीटरचं एकूण बिल भागिले एकूण युनिट. थकबाकी आणि दंड त्यातून वगळा, कारण बिल उशिरा भरलं तर ती चूक तुमची नाही. समजा बिल 9,610 रुपये आणि युनिट 620. भागाकार 15.50 रुपये. म्हणजे 18 मधले अडीच रुपये वरचे. फार मोठी रक्कम नाही, पण विचारण्यासारखी नक्कीच आहे. बिलाचा कागद मिळत नसेल तर मेन बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक मागून घ्या. त्यावरून महावितरणच्या साइटवर चालू बिल बघता येतं.

आता गिझर. पाणी तापवायला किती वीज लागते हे शाळेतल्या विज्ञानाने काढता येतं. लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले 860. उत्तर युनिटमध्ये येतं. 20 लिटरची बादली, नळाचं पाणी 25 अंश, अंघोळीला 40 अंश हवं. 20 × 15 ÷ 860 = 0.35 युनिट. महिन्याच्या 30 अंघोळी म्हणजे माणशी साडेदहा युनिट. पाच जणांचे साडेबावन्न.

यात एक भर घालायची. गिझर नुसता चालू ठेवला तरी टाकीतून उष्णता निघून जाते आणि तो परत परत तापवत राहतो. स्टार लेबलवर 24 तासांचा हा तोटा लिहिलेला असतो. अर्धा युनिट धरा, महिन्याचे 15. एकूण साडेसदुसष्ट युनिट. घरमालकाच्याच 18 च्या दराने 1,215 रुपये, म्हणजे प्रत्येकी 243. थंडीत पाणी 22 अंश आणि तुम्हाला कडक 42 लागतं असं धरलं तरी माणशी 306 च्या आसपास येतं. 400 कुठूनच येत नाहीत. आणि मे महिन्यात, जेव्हा इथे टाकीतलं पाणीच गरम येतं, तेव्हाही चिठ्ठीवर 400 च असतात!

गिझर घरमालकाचा आहे, कॉइल जळली तर तोच बदलतो. त्याचे माणशी 30-40 रुपये धरायला माझी हरकत नाही. पण मग ती ओळ वेगळी लिहावी.

आता खरी गंमत. हा गिझर नक्की कोणत्या मीटरवर आहे? कारण तो तुमच्याच रूमच्या सबमीटरवर असेल, तर त्याचे युनिट आधीच पहिल्या ओळीत आलेत.

हे तपासायला मीटरवरचा छोटा लाल दिवा पुरतो. डिजिटल मीटरच्या पट्टीवर 3200 किंवा 1600 असा आकडा आणि पुढे "इम्प" असं इंग्रजीत छापलेलं असतं. एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. रूममधलं सगळं बंद करा, फ्रिज आणि चार्जरसुद्धा. दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर पॅसेजचा बल्ब किंवा दुसरं काहीतरी तुमच्या मीटरवर आहे. मग फक्त गिझर चालू करा आणि एक मिनिट व्हिडिओ काढा. स्लो मोशन असेल तर मोजायला सोपं. 2000 वॉटचा गिझर 3200 च्या मीटरवर मिनिटाला साधारण 107 वेळा दिवा लावतो. 89 आले म्हणून मीटर बिघडलाय असं समजू नका. व्होल्टेज 230 ऐवजी 210 असलं तर तेवढेच येतात. मेन मीटर दिसत असेल आणि बाकीच्या रूम बंद असतील तर दोन्हींचा व्हिडिओ एकाच वेळी काढा, तेव्हा व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही.

मीटरला, सीलला हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

मावसभावाच्या रूमवर गिझर चालू करताच त्यांच्याच सबमीटरचा दिवा पळायला लागला. म्हणजे पाच पोरं एकाच गरम पाण्याचे दोनदा पैसे देत होती. घरमालकाचं म्हणणं असं की सबमीटर नंतर बसवला, गिझरची ओळ जुनी होती ती तशीच राहिली. असेलही. आम्ही पाठवलेला मेसेज असा होता: "काका, गिझर आमच्याच सबमीटरवर आहे, व्हिडिओ पाठवलाय. युनिटचे पैसे आम्ही देतोच. या महिन्यापासून गिझरचे 400 काढूया का? मेन बिलाचा फोटो दिलात तर युनिटचा दरही एकदा बघून घेऊ." गिझरची ओळ निघाली. दर 18 वरून 16 झाला. मागचे पैसे काही परत आले नाहीत.

जर्मनीत हा प्रश्न अख्ख्या इमारतींचा आहे. तिथे एक बॉयलर सगळ्या फ्लॅटना उष्णता पुरवतो. 1981 च्या नियमाप्रमाणे त्या खर्चाचा 50 ते 70 टक्के भाग प्रत्येकाच्या मोजलेल्या वापरावर आणि उरलेला बहुतेक वेळा फ्लॅटच्या आकारावर वाटतात, कारण पाइपमध्ये वाया जाणारी उष्णता सगळ्यांचीच. वापर न मोजता बिल लावलं तर भाडेकरू आपल्या हिश्शातून 15 टक्के कापू शकतो. आपल्याकडे अशी सोय नाही, पण वाटणीची पद्धत घेण्यासारखी आहे. दोन रूममध्ये एक गिझर असेल तर तोट्याचे 15 युनिट सारखे वाटा, बाकीचे अंघोळींवर.

कायद्याचं बोलायचं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 29 सांगतं की सबळ कारणाशिवाय घरमालकाने भाडेकरूची वीज-पाणी तोडू नये. पण आपल्या बहुतेक रूम लिव्ह अँड लायसन्सवर असतात, तिथे करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. त्याच कायद्याचं कलम 55 फार कमी जणांना माहीत असतं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचे दराचे मेसेज डिलीट करू नका, आणि रूम घेताना व सोडताना सबमीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढा. पुढच्या करारात एवढं वाक्य टाकून घ्या: "विजेचा दर मेन बिलाच्या सरासरी दराप्रमाणे, दरमहा बिलाची प्रत दाखवून. गिझर सबमीटरवर असल्यास वेगळा आकार नाही."